खिशातली देखरेख आणि गल्लीतला शेजार



रायपूरच्या पुरानी बस्तीत मराठीतून बोलताना परकेपणा वाटत नाही. १७४१ मध्ये भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात आल्या आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्या काळात आणि पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. आज त्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला आहेत. आईवडील मात्र महामाया मंदिराच्या परिसरातील जुन्या घरांत राहतात. या दोन टोकांना जोडणारे एक नवे साधन घराघरांत आले आहे. भिंतीवर लावलेला बिनतारी कॅमेरा आणि त्याचे चित्र चालत्या बसमध्येही दाखवणारा भ्रमणध्वनी. या साधनाचा अर्थशास्त्रीय हिशेब आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

प्रथम त्याची कार्यपद्धती पाहू. कॅमेरा चित्र संकुचित करून वाय-फायद्वारे राऊटरकडे देतो. तेथून ते इंटरनेटच्या मार्गाने, बहुधा कंपनीच्या सर्व्हरमधून, पाहणाऱ्याच्या हाती येते. पाहणारा प्रवासात असेल तर त्याचा संच एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि वेग कमीजास्त होतो. म्हणून बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह तयार करतात : साठवणुकीसाठी सुस्पष्ट आणि भ्रमणध्वनीसाठी हलका. चित्र अडकले की आपण हातातील संचाला दोष देतो. पण पुष्कळदा अडचण घराच्या टोकाला, चित्र वर पाठवण्याच्या अपुऱ्या वेगात असते.

आता खर्च. हलक्या प्रवाहाला सेकंदास अर्धा मेगाबिट लागतो असे धरले, तर तासाला सुमारे २२५ मेगाबाइट खर्च होतात. शासकीय आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका गिगाबाइटची सरासरी किंमत सुमारे २६९ रुपये होती. अलीकडच्या वर्षांत ती दहा रुपयांच्या आसपास आली. म्हणजे जे तासभर पाहणे तेव्हा साठ रुपयांना पडले असते, ते आता सव्वादोन रुपयांत होते. एखाद्या सेवेची किंमत इतकी घसरली की तिचा वापर श्रीमंतांपुरता राहत नाही. माल आणायला गेलेला छोटा दुकानदारही वाटेत थांबून गल्ल्यावर नजर टाकू शकतो. हा विकासाचा लाभ आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु दोन गोष्टी स्वस्त झालेल्या नाहीत. पहिली, अवधान. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहितीची विपुलता अवधानाची टंचाई निर्माण करते. पडदा हलला, मांजर गेले, तरी कॅमेरा सूचना पाठवतो. आठवडाभरात त्या सूचनांकडे पाहणे बंद होते. दुसरी गोष्ट, धावून जाणे. आई न्हाणीघराबाहेर घसरून पडली हे पुण्यातल्या मुलाला त्याच मिनिटाला दिसेल. पुण्याहून निघालेली गाडी रायपूरला दुसऱ्या दिवशी पोहोचेल. त्याने पुण्यातून ११२ फिरवला, तर तो दूरध्वनी महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जाईल, छत्तीसगडच्या नव्हे. आणि ज्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही, तेथे आईला उचलून रस्त्यापर्यंत आणणारे हात शेजाऱ्याचेच असतील.

सार्वजनिक कॅमेऱ्यांचा अनुभवही हेच सांगतो. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आखलेली सीसीटीव्ही योजना २०१६ मध्ये पूर्ण रूपात कार्यान्वित झाली. त्याच वर्षी स्मार्ट सिटी अभियानात रायपूरची निवड झाली आणि पुढे येथेही नियंत्रण कक्ष उभा राहिला. अशा कक्षात पडद्यासमोर कर्मचारी पाळीपाळीने बसतात आणि त्यांच्या मागे गस्तीची वाहने असतात. त्या व्यवस्थेशिवाय कॅमेरा घटनेची नोंद ठेवील. घटनेला आवर घालू शकणार नाही. घरच्या कॅमेऱ्यामागे अशी पाळी नसते, म्हणून ती जाणीवपूर्वक उभी करावी लागते.

एक खर्च मात्र पाहणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, समोरच्या दारातील कुटुंब आणि स्वतः वृद्ध आईवडील यांच्यावर दिवसभर नजर राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तथापि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेला वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे येथे कुटुंबाचा विवेकच पहिला पहारेकरी ठरतो. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रे बाहेर विकली गेल्याचे उघड झाले. तपासात सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द हे एक कारण पुढे आले. ज्या वाटेने मुलगा आईला पाहतो, त्याच वाटेने परकाही पाहू शकतो.

म्हणून काही साध्या सूचना. कॅमेरा बसवण्यापूर्वी ज्यांच्यावर तो रोखला जाणार त्या सर्वांना विचारावे, कामाच्या बाईंनाही. त्याचे तोंड आपल्या उंबरठ्यापुरते ठेवावे. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. वाहन चालवताना चित्र पाहू नये. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार हातातील संचाचा असा वापर धोकादायक वाहनचालन ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गल्लीतील दोन घरांशी बोलून ठेवावे, त्यांच्याकडे किल्ली द्यावी, त्यांचे आणि जवळच्या ठाण्याचे क्रमांक भ्रमणध्वनीत नोंदवावेत. गल्लीने एकत्र बसून अशी यादी केली तर एकट्या राहणाऱ्या ज्या वृद्धांच्या घरी कॅमेरा नाही, त्यांनाही तिचा आधार मिळेल.

ही यादी करायला एक संध्याकाळ पुरेशी आहे. पुरानी बस्तीने ती या महिन्यातच करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.