मुळशीचा ताप आणि कागदी पट्टी



मुळशीच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले. ती वीज कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीच्या मोलाने, हाच १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहामागील प्रश्न होता. तो आज विज्ञानालाही विचारला पाहिजे.

जीवाणू आपल्यावर चालून आलेल्या विषाणूच्या जनुकीय संहितेचा तुकडा जतन करतात आणि तीच संहिता पुन्हा आढळली की तिचा छेद करतात. या यंत्रणेतून 'क्रिस्पर' हे जनुकसंपादनाचे तंत्र घडविणाऱ्या शार्पेंतिए व डाउडना या विदुषींना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ओळखण्याची हीच शक्ती रोगनिदानासाठी वापरून दिल्लीच्या सरकारी जीनोमिक्स संस्थेत देबज्योती चक्रवर्ती व सौविक मैती यांनी कोविडची चाचणी सिद्ध केली. तिला सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे, 'फेलुदा'चे, नाव मिळाले. (वैज्ञानिकांना विनोदबुद्धी नसते, असे कोण म्हणतो?) विषाणू सापडला की कागदी पट्टीवर रेघ उमटते. मे २०२० मध्ये टाटा समूहाशी करार झाला, सप्टेंबरात औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली.

संशोधन जनतेच्या पैशाने झाले, उत्पादन खाजगी भांडवलाकडे गेले. एवढ्यावरून उत्पादकाला दोष देणे उथळपणाचे होईल. संशोधन संस्थेजवळ कारखाना नव्हता. खरी मेख निराळीच आहे. पट्टी स्वस्त असली तरी तीपूर्वी नमुन्यातील जनुकद्रव्य वाढवावे लागते, आणि त्यासाठी पीसीआर यंत्र, अखंड वीज व प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा. म्हणजे पट्टी खेड्यात पोहोचली तरी प्रयोगशाळा शहरातच राहते! मार्च २०२० मध्ये खाजगी चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली होती. शेतमजुराने ती कोठून आणावी?

साथ ओसरली म्हणून प्रश्न ओसरत नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीतून. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका यांचा ताप प्रारंभी सारखाच भासतो; गर्भवतीच्या बाबतीत मात्र तो भेद निर्णायक ठरतो. भातलावणीच्या दिवसांत ताम्हिणीकडील वाडीतून रक्त तपासण्यास पुण्याला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे दोन्ही गमावणे.

एकाच स्थिर तापमानावर, मोठ्या यंत्राविना चालणाऱ्या क्रिस्पर चाचण्यांवर संशोधन चालू आहे. सरकारी संस्थेने अशा शोधाचा परवाना देताना किमतीची कमाल मर्यादा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना प्रथम पुरवठा, या दोन अटी करारातच लिहिल्या पाहिजेत. ही मागणी कार्यकर्त्यांनी पौडच्या पंचायत समितीपासून सुरू करावी.