यकृताच्या रक्ताचे पाट

पाणी सोडण्याआधी पाट कुठून फुटतो हे शेतकरी पाहतोच. यकृताच्या कर्करोगात डॉक्टरांनाही तेच पाहावे लागते. मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, ते औषध थेट गाठीच्या रक्तवाहिनीत सोडतात. पण ही वाहिनी सर्वांची एकाच जागी फुटत नाही. मायकेल्स यांनी १९६६ साली २०० मृतदेहांच्या विच्छेदनाची माहिती दिली. नेहमीची रचना ५५ टक्क्यांतच होती. कुणाची शाखा जठराच्या, तर कुणाची आतड्यांच्या धमनीतून निघते. ती नजरेतून सुटली, तर गाठीचा काही भाग औषधावाचून राहतो. म्हणून आधी रंगद्रव्य सोडून वाहिन्यांचे चित्र घेतात.

नवी मुंबईत खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात असो वा अन्यत्र, ‘रक्तवाहिनी वेगळी आहे’ असे डॉक्टर म्हणाले, तर भिऊ नका, उपचार सोडू नका. ती जन्माची ठेवण आहे. गुरुजींनी एवढे गावात जरूर सांगावे.