दुधाचा हिशोब



आईवर बोला म्हटलं की आपल्याकडे लगेच गळा दाटतो, कविता सुरू होते. मला आज कविता करायची नाही. हिशोब मांडायचाय.

तुमच्यापैकी किती जणांना एकट्या जन्मदात्या मायनं वाढवलं? हात वर करा. माझा तर वर होणार नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत कापूस फुटला की बाया पहाटेच वेचणीला निघायच्या. माय मला शेजारच्या म्हातारीच्या हवाली करून जायची. म्हातारी कण्या शिजवायची आणि नातवाच्या ताटलीत मलाही जेवायला बसवायची. एकदा तापानं फणफणलो, तर जिनिंगात रोजीनं जाणारी गल्लीतली मावशी रोजी बुडवून मला घेऊन दवाखान्यात बसली. तिसरी एक काकू. तिला अक्षर ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी कंदिलाजवळ बसवून म्हणायची, "वाच बे पोट्ट्या, मोठ्यानं वाच, मले आयकू येऊ दे." मी अडखळलो की तिला बरोब्बर कळायचं.

यातली एकही माझ्या रक्ताच्या नात्यातली नव्हती. कुठल्या हजेरीपटावर त्यांच्या या कामाची नोंद झाली?

आता घरातल्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघा. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर, फुले. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला मावशी महाप्रजापती गौतमीनं अंगावर पाजलं. कबीराला नीरू आणि नीमा या विणकर जोडप्यानं वाढवलं, असं परंपरा सांगते. जोतिबा तान्हे असतानाच आई चिमणाबाई वारल्या. त्यांना नात्यातल्या सगुणाबाईंनी वाढवलं. आणि खुद्द भीमराव? 1896 मध्ये भीमाबाई गेल्या तेव्हा पोरगं पाच वर्षांचं. त्याला सांभाळलं आत्यानं, मीराबाईनं. पाठीला कुबड असलेली ती बाई अख्खं घर ओढत होती. तिघं गुरू आणि त्यांचा शिष्य, चौघंही परक्या कुशीत वाढले. जयंतीच्या एका तरी बॅनरवर मीराबाईचं नाव वाचलंय तुम्ही?

गौतमीचं पुढं काय झालं तेही ऐका. ती शाक्य बायांना घेऊन संघात प्रवेश मागायला गेली. तीनदा नकार मिळाला. मग आनंदानं तिची बाजू मांडली आणि बुद्धाला आठवण करून दिली की या बाईनं तुम्हाला दूध पाजलंय. अटी घातल्या गेल्या, पण दार उघडलं, भिक्षुणी संघ उभा राहिला. दुधाचं ऋण फेडायची आपल्या परंपरेतली रीत ही आहे. साडीचोळी आणि ओवाळणी देऊन वाटेला लावायची रीत दुसऱ्यांची.

आपल्याच जिल्ह्यातली सिंधुताई सपकाळ घ्या. पिंपरी मेघेत 1948 साली जन्मली. नकोशी म्हणून नाव पडलं चिंधी. भरल्या दिवसांत नवऱ्यानं हाकललं, गोठ्यात बाळंत झाली. रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली आणि त्या भाकरीत बेवारस पोरांना वाटेकरी केलं. 2021 साली पद्मश्री, 2022 च्या जानेवारीत ती गेली. तिला सलाम. पण सवाल विचारायचा तो विचाराच. इतक्या लेकरांना भीक मागणाऱ्या बाईच्या पदराखालीच जागा का मिळाली? सरकार कुठं होतं, समाज कुठं होता? बाईचा पदर मोठा म्हणायचं आणि आपण हात झटकायचे, ही जुनी चलाखी आहे.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाची पगारी सुटी देणाऱ्या बिलाला पाठिंबा दिला. लेकरू जन्माला घालणं हे एकट्या बाईचं ओझं नाही, हे त्यांनी तेव्हा कायदेमंडळात ठणकावलं. आमच्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर मात्र ती सुटी पोचली नाही. 1975 पासून अंगणवाड्या आल्या. आमच्या मावशी-काकूसारख्याच बाया तिथं दुसऱ्यांची लेकरं सांभाळतात. सरकार त्यांना सेविका म्हणतं आणि पगार न देता मानधन देतं. त्यातला मान कुठाय न् धन कुठाय, त्यांनाच विचारा.

आणि आपण? समतेवर तीन तास बोलतो. खुर्च्यांवर आपण, चहा उकळायला त्या. कवितेत माय, बैठकीत चहावाली.

म्हणून सांगतो, वस्तीवस्तीत जा. या बायांची नावं लिहून घ्या, कुणी किती पोरं वाढवली तेही लिहा. अंगणवाडीच्या बाया वेतनासाठी मोर्चा काढतील तेव्हा त्यांच्यामागं उभे राहा. वेचणीच्या हंगामात मजुरांच्या लेकरांसाठी पाळणाघर मागा. आणि ते मिळेपर्यंत विहारात पाळीपाळीनं लेकरं तुम्ही सांभाळा, पोट्टेहो. शेंबूड पुसल्यानं क्रांतिकारकाचा हात झिजत नाही.

जय भीम.