तुंबलेलं बेसिन आणि न सांगितलेली गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी बोलणार आहे तो विषय अगदी घरगुती आहे आणि थोडा घाणेरडाही आहे. न्हाणीघरातलं बेसिन तुंबतं, तोंड धुतलं की पाणी जायला पाच-दहा मिनिटं लागतात, वर फेसाचा तवंग राहतो, त्याची ही गोष्ट. तुम्ही म्हणाल, यात भाषण करण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. पण या एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या हातून एका मुलाचा डोळा जाता जाता वाचला. तेव्हापासून हा विषय मला लहान वाटत नाही.

आमचं आगरदांडा मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर. जंजिरा बघायला येणारी मंडळी राजपुरीला उतरतात, आणि ज्यांना पलीकडे दिघीला, श्रीवर्धनला जायचं असतं ती आमच्या धक्क्यावर जंगलजेट्टीत गाडी घालतात. गाव लहान. नळाची कामं करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी इथल्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे गावात कुठलंही काम करायला आलेला माणूस बहुधा माझा विद्यार्थीच निघतो.

माझ्या सासूबाईंच्या काळी घरात बेसिन नव्हतं. परसदारी न्हाणी होती, तिचं पाणी उघड्या पन्हळीतून केळीच्या आळ्यात जायचं. पन्हळीत पाचोळा अडकला की दुपारपर्यंत केळीचं आळं कोरडं दिसायचं, मग कुणीतरी काठी घेऊन ढोसायचं. घाण डोळ्यांसमोर होती, म्हणून ती वेळच्या वेळी निघायची. पुढे फरशी आली, बेसिन आलं, पाइप भिंतीत गेले. घर स्वच्छ दिसू लागलं. पण पाणी कुठून जातं, कुठे अडतं, हे आम्हाला दिसेनासं झालं.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, गणपतीच्या दोन दिवस आधीची. मुंबईची मंडळी यायची होती. घरात बारा-तेरा माणसं होणार, आणि बेसिनमधलं पाणी जाता जाईना. मी रात्री दुकानातून कॉस्टिक सोडा आणला, मूठभर ओतला, वर तांब्याभर पाणी घातलं आणि झोपले. सकाळी बघते तर पाणी जिथल्या तिथं. मग त्या मुलाला निरोप धाडला. तो आला, बेसिनखाली उताणा आडवा झाला आणि त्यानं खालची वाटी फिरवली. आतलं सगळं पाणी त्याच्या तोंडावर आलं.

कॉस्टिक सोडा घातल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही. चहा टाकायच्या गडबडीत राहून गेलं, आणि थोडं मनातून असंही होतं, की बाईंनी स्वतः खटपट केली आणि जमली नाही, हे कशाला सांगा.

सुदैवानं अंगणात पाण्याचं पिंप भरलेलं होतं. त्याला तिथं बसवलं, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि पाणी ओतत राहिले. वीस मिनिटं तरी ओतलं असेल. शेजारीण म्हणाली, "लिंबू पिळा, उतारा पडेल." ते मात्र मी करू दिलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की त्या पाण्यानंच डोळा वाचवला. पण त्याला आठवडाभर काम करता आलं नाही. गणपतीचे दिवस म्हणजे त्याच्या कमाईचे दिवस. जाताना तो एवढंच म्हणाला, "बाई, आधी सांगायचं ना."

श्रोतेहो, त्या वाक्याची भरपाई पैशांनी होत नाही. मी त्याचे बुडलेले दिवस भरून दिले, पण मनाला लागलं ते लागलंच. मग मी ठरवलं, हे बेसिन खालून-वरून समजून घ्यायचं.

बेसिनच्या खाली बाटलीसारखा किंवा इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला एक भाग असतो. दुकानदार त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वळणात नेहमी थोडं पाणी साठून राहतं, आणि ते राहायलाच हवं. त्या पाण्याच्या बुचामुळे गटारातला दुर्गंध आणि वायू घरात येत नाहीत. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं 1775 साली इंग्लंडमध्ये संडासाच्या भांड्यासाठी अशा वळणदार नळीचं पेटंट घेतलं. आपल्या न्हाणीच्या फरशीत जाळीखाली जे भांडं बसवतात त्याचं काम तेच, आणि त्याला बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द तिथवर पोचलाय.

पाणी अडतं ते बहुतेक वेळा याच वळणात किंवा त्याच्या वर. अडवणारे मुख्य दोघे, केस आणि साबण. आमच्या विहिरीचं पाणी जड. जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा पांढरा साका होतो. तो केसांच्या गुंत्यावर थरावर थर बसतो. त्यात खोबरेल तेल, दाढीचा फेस, टूथपेस्ट यांची भर पडते. खोबरेल तर साधारण 24 अंशांखाली थिजतं, हे थंडीत बाटली बघून आपल्याला माहीतच आहे. नळीतही ते तसंच थिजतं.

आता करायचं काय? आधी बघायचं, की फक्त बेसिनच तुंबलंय का? न्हाणीच्या जाळीतूनही पाणी हळू जात असेल, संडासातही पाणी चढत असेल, तर अडचण पुढे आहे, चेंबरमध्ये किंवा शोषखड्ड्यात. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की खाडीकाठच्या गावात शोषखड्डे पाणी घेईनासे होतात. ते काम जाणत्या माणसाचं. आणि तिथेही लक्षात ठेवा, सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 सालच्या कायद्यानं बंदी आहे. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

फक्त बेसिनच तुंबलं असेल तर काम आपलं. हातात रबरी मोजे घाला. साठलेलं पाणी मगानं काढून बादलीत टाका. जाळी काढता येत असेल तर काढा, नाहीतर पातळ तारेच्या टोकाला बारीकसा आकडा करून आत घाला, फिरवा आणि हळूच वर ओढा. केसांचा लगदा वर येईल. बघवणार नाही, पण निम्म्या वेळा काम इथेच संपतं.

नाही संपलं, तर रबरी वाटीचा पंप घ्या. इथे एक गोम आहे. बेसिनच्या वरच्या कडेला एक छोटं भोक असतं, पाणी जास्त झालं तर बाहेर सांडू नये म्हणून. त्यात ओलं फडकं घट्ट कोंबा. ते उघडं राहिलं तर तुमचा सगळा जोर त्या भोकातून निघून जातो आणि अडकलेलं तसूभर हलत नाही. वाटी बुडेल एवढं पाणी ठेवा आणि पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा.

तरीही नाही, तर ट्रॅप उघडायचा. खाली बादली ठेवा. खालची वाटी हातानंच फिरते, खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं. आतली वाटोळी रबरी चकती कुठे आणि कशी बसली होती ते बघून ठेवा. जुन्या टूथब्रशनं सगळं घासून काढा, चकती जागच्या जागी बसवा आणि हातानं आवळा. पान्ह्याची ताकद लावलीत तर प्लॅस्टिकचे आटे जातात. मग खाली कोरडा कागद पसरून नळ सोडा. कागद कोरडा राहिला की झालं. पहिल्यांदा मी वाटी काढली, पाणी बादलीत पडलं, आणि मी ती बादली सवयीनं त्याच बेसिनमध्ये ओतली! सगळं माझ्या पायांवर. तेव्हा बादली बाहेर नेऊन ओता.

काही घरांत ट्रॅपच नसतो, नुसता वळ्यावळ्यांचा प्लॅस्टिकचा पाइप फरशीत सोडलेला असतो. त्या वळ्यांत मळ बसतो. तो पाइप काढून धुवा, फारच कुजला असेल तर नवा आणा, फार महाग नसतो.

गरम पाण्यानं तेल-साबण सुटतो, पण उकळतं पाणी ओतू नका. पीव्हीसीचे पाइप त्यानं नरम पडतात, सांधे सुटतात. हाताला सोसवेल इतपत गरम पुरे. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान दिसतो, पण दोघं एकमेकांनाच संपवतात, केसांचा गुंता तसाच राहतो.

आणि आता ते रसायन. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की खूप तापतो, कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर बुबुळ खातो. त्यावर संडास धुवायचं ॲसिड ओतलं तर मिश्रण उसळून अंगावर येतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू होतो. बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. शिवाय हे सगळं जातं कुठे? सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जे जिवाणू असतात त्यांना मारतं आणि पुढे जमिनीत उतरतं. खेड्यात आपला शोषखड्डा आणि आपली विहीर एकाच वाडीत असतात, हे विसरून चालत नाही.

एवढं सांगूनही कुणी रसायन वापरलंच, तर माझी एकच विनंती आहे. कामाला येणाऱ्या माणसाला उंबऱ्यातच सांगा, "यात अमुक घातलंय, इतक्या वाजता घातलंय." लाजू नका. आपण वर उभे असतो, तो खाली आडवा झालेला असतो. आणि चुकून डोळ्यात गेलंच, तर आधी पाणी, निदान वीस मिनिटं सतत, आणि मग लगेच डॉक्टर. लिंबू नाही, दूध नाही, कसलाही उतारा नाही.

आता आमच्याकडे बेसिनवर बारीक जाळी आहे. केस विंचरताना निघालेले केस कचऱ्यात जातात. महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आसपास, म्हणजे लक्षात राहतं, मी ट्रॅप उघडून धुते. दहा मिनिटं लागतात.

तो मुलगा दर वर्षी गणपतीला दर्शनाला येतो. प्रसाद घेतो आणि जाता जाता न्हाणीघरात डोकावून विचारतो, "बाई, आज काय घातलंय?" मी म्हणते, "काही नाही रे, नुसतं पाणी." तरी तो वाकून एकदा बघतोच. बघू दे. माझी त्याला ना नाही.