नेपाळमधील स्थानिक निवडणुका : युतीची बेरीज आणि उपमहापौराची खुर्ची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नेपाळशी आपले नाते जुने आहे. १९४३ साली भूमिगत अवस्थेत जयप्रकाश आणि लोहिया तेथे पकडले गेले आणि आझाद दस्त्याच्या साथींनी हनुमाननगरच्या कोठडीवर चाल करून त्यांना सोडवले. बी. पी. कोइराला तर भारतातल्या समाजवादी चळवळीतच घडले. तेव्हा तेथील निवडणुकांकडे परक्याच्या घरची हकिकत म्हणून पाहणे आपल्याला शोभणारे नाही.

तेथील संसदेची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते, स्थानिक निवडणुकांची जवळजवळ नाहीच. १९९२ साली त्या नेपाळी काँग्रेसने जिंकल्या, १९९७ साली एमाले या कम्युनिस्ट पक्षाने. (१९९७ साली गृहखाते एमालेकडे होते, हाही योगायोग ध्यानात ठेवावा.) २००२ साली मुदत संपली आणि पुढची १५ वर्षे गावचा कारभार प्रामुख्याने सरकारी नोकरांच्या हाती गेला. मध्ये २००६ च्या फेब्रुवारीत राजाने नगरपालिकांच्या निवडणुका उरकून घेतल्या. ७ पक्षांचा बहिष्कार होता आणि पाचांतला जेमतेम एक मतदार बाहेर पडला.

२०१५ च्या संविधानाने चित्र पालटले. ७५३ स्थानिक पालिकांना स्वतःचे अधिकार मिळाले, आणि २०१७ साली तीन टप्प्यांत मतदान झाले. प्रमुखपदे एमालेला २९४, काँग्रेसला २६६, माओवादी केंद्राला १०६. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती वेगळी गोष्ट. प्रत्येक वॉर्डात अध्यक्षाखेरीज चार सदस्य असतात. त्यांत दोन स्त्रिया, आणि त्या दोघींपैकी एक दलित स्त्री असलीच पाहिजे. अशा साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया त्या वर्षी निवडून आल्या. शिवाय प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षाने त्यांतली एक स्त्री दिलीच पाहिजे, असा कायदा होता. पक्षांनी प्रमुखपद पुरुषांना ठेवून उपप्रमुखपद स्त्रियांना दिले. ७५३ पैकी ७०० उपप्रमुख स्त्रिया झाल्या.

आता १३ मे २०२२ ची निवडणूक पाहा. मधल्या काळात एमाले आणि माओवादी एकत्र आले होते, न्यायालयाच्या निकालाने पुन्हा वेगळे झाले, आणि मग एमालेही फुटला. सत्तेवरच्या काँग्रेसने माओवादी, एमालेतून फुटलेला एकीकृत समाजवादी गट आणि इतरांना घेऊन युती केली. काँग्रेसची प्रमुखपदे २६६ वरून ३२९ झाली. एमाले २९४ वरून २०५ वर आला. मतांच्या हिशेबात एमाले काँग्रेसच्या फार मागे नव्हता. म्हणजे हा विजय मुख्यतः जागावाटपाचा होता.

जागावाटपाची किंमत कोणी दिली? कायद्यातली अट दोन्ही पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षालाच लागू होती. युतीत एक पद काँग्रेसला, दुसरे माओवाद्यांना. प्रत्येकाचा उमेदवार एकच, आणि तो बहुधा पुरुष. कायदा मोडला नाही, पण त्याचा हेतू बुडवला. उपप्रमुख स्त्रियांची संख्या ७०० वरून पावणेसहाशेच्याही खाली आली. डाव्या म्हणवणाऱ्या पक्षांनी हे केले, याची मला अधिक लाज वाटते.

मतदाराचे हालही लक्षात घ्या. एका मतपत्रिकेवर ७ शिक्के मारायचे. काल ज्याच्याशी भांडण होते त्याच्या हातोडा-विळ्यावर एका रकान्यात, आपल्या झाडावर दुसऱ्यात. भरतपूरमध्ये २०१७ साली मोजणी चालू असता मतपत्रिका फाडल्या गेल्या, एका वॉर्डात फेरमतदान झाले, आणि माओवादी नेते प्रचंड यांची कन्या रेणू दाहाल काँग्रेसच्या पाठिंब्याने अवघ्या २०३ मतांनी आल्या. २०२२ सालीही युतीने तीच जागा त्यांना सोडली. तेव्हा काँग्रेसचा एक स्थानिक पुढारी बंडखोर म्हणून उभा राहिला. त्या हरल्या नाहीत, परंतु पाच वर्षे वॉर्डात राबलेल्या काँग्रेस कार्यकर्त्याला पक्षाने काय सांगितले असेल, याची कल्पना इथे बसलेल्यांपैकी अनेकांना करता येईल. आपणही ‘वरून आलेला’ निर्णय ऐकलेला आहे.

काठमांडूत तर झाड आणि सूर्य दोन्ही मागे पडले. बालेन शाह हा अपक्ष तरुण ६१,७६७ मते घेऊन महापौर झाला. काँग्रेस आणि एमालेचे उमेदवार प्रत्येकी ३८ हजारांच्या आसपास थांबले. धरानमध्येही अपक्षच आला. लोक पक्षांनाच कंटाळले, असा निष्कर्ष त्यावरून घाईने काढला गेला. मला तो पटत नाही. त्याच काठमांडूत उपमहापौरपदी एमालेच्या सुनीता डंगोल आल्या, आणि त्यांना बालेनपेक्षाही अधिक, ६८ हजारांवर मते पडली. मतदाराने पक्ष नाकारला नव्हता. पक्षाने पुढे केलेले माणूस तपासून घेतले होते.

आणि उपप्रमुख हे शोभेचे पद नव्हे. पालिकेच्या न्यायिक समितीचे काम उपप्रमुखाकडे असते. नवऱ्याने मारले, सासरच्यांनी घराबाहेर काढले, बांधावरून तंटा झाला, अशा तक्रारी तिथे येतात. जिल्ह्याच्या कोर्टाची पायरी चढण्याचे धाडस नसलेली बाई त्या खोलीत जाते. २०१७ नंतर बहुतेक ठिकाणी खुर्चीवर तिला एक बाई दिसत होती. २०२२ नंतर शंभराहून अधिक पालिकांत ती खुर्ची पुरुषाकडे गेली.