मैफलीसाठी परदेशवारी

एका संध्याकाळच्या गाण्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, विमान आणि खोली यांची जुळवाजुळव करायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी परतायचे, असा प्रवास गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. तो बहुधा जोडीने होतो. तिकिटे दोन, खोली एक, आणि रजा मात्र दोन वेगवेगळ्या साहेबांकडून मागायची. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतून हा प्रवास कसा घडतो, हे पाहायचे तर २०२५ चा जानेवारी महिना घ्यावा.

‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम त्या महिन्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला झाले. पुढे २५ आणि २६ तारखेला ते अहमदाबादला होते. मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी खुली झाली. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. ऑनलाइन रांगेत एक कोटीहून अधिक लोक उभे राहिले आणि काही मिनिटांत सारे संपले. त्यानंतर तीच तिकिटे दुसऱ्या हातांनी लाखांच्या भावात दिसू लागली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्याच बँडचे त्याच दौऱ्यातले चार कार्यक्रम अबूधाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटी स्टेडियमवर ९, ११, १२ आणि १४ जानेवारीला ठरले होते. तिथले सर्वांत स्वस्त तिकीट १९५ दिरहमचे, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार हजार रुपयांच्या आत-बाहेर. नेरूळचे हुकले म्हणून अबूधाबीला जाणे ही चैन वाटेल, पण काळ्या बाजारातल्या दोन तिकिटांच्या भावापुढे विमानभाड्यासह हा हिशेब पुष्कळदा स्वस्तच निघत होता.

पूर्वी प्रवास कलावंताने करायचा, अशी रीत होती. लता मंगेशकर १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. त्या वेळी गायिका इथून गेली आणि श्रोते तिथलेच होते. श्रोत्याने गाण्यामागे जाण्याची चालही आपल्याला अगदीच नवी नाही. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला कोल्हापूर, सोलापूर, बेळगावहून रजा टाकून येणारे रसिक आहेतच. जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी १८७६ पासून देशोदेशीचे लोक जमतात. चिखलीला तर जुन्या नावाने टाळगाव चिखली म्हणतात. देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि महापालिकेने तुकाराम महाराजांच्या नावाचे संतपीठही इथेच उभारले. गाण्यासाठी घर सोडून चालू लागणे या गावाला कुणी शिकवायला नको. फक्त या वारीत मधे इमिग्रेशनचा खिडकीवाला येतो.

या प्रवासात पहिले काम तिकिटाचे. विमान आधी आणि तिकीट नंतर असा क्रम लावला की पैसे अडकतात. जोडप्याने दोन्ही तिकिटे एकाच व्यवहारात घ्यावीत, कारण वेगवेगळ्या मोबाईलवरून घेतलेली तिकिटे स्टेडियमच्या दोन टोकांना निघू शकतात. कोल्डप्लेने या दौऱ्यात ‘इन्फिनिटी’ नावाची थोडी तिकिटे ठेवली होती. भारतात त्यांचा दर दोन हजार रुपये होता. ती जोडीनेच घ्यावी लागत, एका माणसाला दोनच मिळत आणि जागा शेजारी-शेजारी असत. मात्र ती जागा मैदानात आहे की अगदी वरच्या रांगेत, हे कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट हाती पडेपर्यंत कळत नसे. नशिबाचा एवढा भाग ठेवून स्वस्त तिकीट देण्याची ही युक्ती चांगलीच म्हणायला हवी.

दुसरे काम नावाचे, आणि मराठी घरात ते सर्वांत किचकट. मराठी नाव तीन पदरी असते. लग्नानंतर बाईचे मधले नाव वडिलांऐवजी नवऱ्याचे होते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलतात. मग पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचे आणि विमानाचे तिकीट नवऱ्याने घाईत सासरच्याच नावाने काढलेले. विमान कंपनी आणि परदेशातील अधिकारी फक्त पासपोर्ट पाहतात. त्यामुळे त्यावर जे नाव असेल तेच व्हिसावर आणि तिकिटावर अक्षरन्‌ अक्षर हवे. नवविवाहितेने परतल्यावर पासपोर्ट बदलावा, जाण्याच्या तोंडावर नव्हे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, हेही ऐन वेळी लक्षात येणारे कलम आहे.

कोणत्या देशात जायचे हे व्हिसावरही ठरते. अमिरातीचा व्हिसा विमान कंपनी, हॉटेल किंवा प्रवास कंपनीमार्फत निघतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून भारतीयांना व्हिसामाफी दिली. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. तरीही २०२४ च्या मार्चमध्ये लोक सिंगापूरलाच गेले, कारण गायिका टेलर स्विफ्टचे आग्नेय आशियातील कार्यक्रम फक्त तिथेच होते, सहा रात्री. ते शेजारच्या देशांत होऊ नयेत म्हणून सिंगापूरने करार केल्याचे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी स्वतः मान्य केले. थायलंड आणि फिलिपिन्समध्ये त्यावरून नाराजी उमटली. बाहेरून येणारा श्रोता हॉटेल, टॅक्सी आणि जेवणावर तिकिटाहून जास्त खर्च करतो, हे गणित त्या करारामागे होते.

यात जोखीमही असते. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएन्नातील टेलर स्विफ्टचे तीनही कार्यक्रम घातपाताचा कट उघड झाल्याने आदल्या दिवशी रद्द झाले. तिकिटांचे पैसे परत मिळाले. विमानाचे आणि हॉटेलचे ज्याचे त्याने सोसले. म्हणून रद्द करता येणारी खोली थोडी महाग पडली तरी घ्यावी.

कारखान्यात काम करणाऱ्याची खरी अडचण रजेची. भोसरी, चिंचवड, तळवडे पट्ट्यातील बऱ्याच छोट्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जगभरचे कार्यक्रम शनिवार-रविवार धरून आखलेले, त्यामुळे गुरुवारवाल्यांना एरवी काही मिळत नाही. अबूधाबीत मात्र ९ जानेवारीला गुरुवार होता. बुधवारी पहिली पाळी करून दुपारी घरी यायचे, रात्री मुंबईहून विमान, गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम आणि शुक्रवारी संध्याकाळी परत. रजा एकच पडते. शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी, १४ तारखेच्या मंगळवारी, संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून बसायच्या दिवशी सून स्टेडियमवर आहे, हे सासूबाईंना कसे सांगायचे, हा विषय प्रवास कंपनीच्या कक्षेबाहेरचा आहे.

बॅगेत काय नको, हेही पाहावे. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस निषिद्ध मालात मोडते. दिवाळीनंतर तिकडच्या नातेवाइकांसाठी अनारशांचा डबा भरला, तर त्यांच्यावरची खसखस अडचणीत आणू शकते. तिळगूळ चालतो. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाहीत. पाठदुखीची गोळी खिशात ठेवायची सवय असलेल्या कामगाराने तिच्या पाकिटावरचे नाव आधी वाचून घ्यावे.

चिखलीहून साने चौक, निगडीचा भक्ती-शक्ती चौक, देहूरोड आणि मग द्रुतगती मार्ग धरला की गाडी घाट उतरून कळंबोलीला सायन-पनवेल महामार्गाला लागते. या महामार्गाला लागूनच नेरूळचे ते स्टेडियम आहे. ज्या मैदानाचे तिकीट मिळाले नाही, त्याच्याच दिव्यांखालून विमानतळ गाठायचा. पुढचे विमान जेमतेम सव्वातीन तासांचे, म्हणजे घाटात गाडी अडकली तर चिखलीहून मुंबईला पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

अबूधाबीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. स्टेडियम शेख झायेद मशिदीपासून जवळ आहे, त्यामुळे गुरुवारची दुपार तिथे घालवता येते. स्टेडियममध्ये प्रवेश करताना प्रत्येकाच्या हाताला एक पट्टा बांधतात. गाणे सुरू झाले की नियंत्रण कक्षातून लहरी येतात आणि हजारो मनगटे एकदम लाल, निळी, पिवळी होतात. पट्ट्याला बटण नाही, तो आपल्या मर्जीने पेटत नाही. दोघांचे पट्टे एकाच क्षणी पेटतात आणि विझतात. कार्यक्रम संपल्यावर ते पेटीत परत टाकायचे असतात. मागच्या कार्यक्रमांत कोणत्या शहराने किती टक्के पट्टे परत केले, याचा तक्ता पडद्यावर दाखवतात, आणि त्यामुळे आठवण म्हणून खिशात घालणारा हात जरा आखडतो.

शुक्रवारी सोन्याच्या दुकानात जायचा मोह होतो. परदेशातून येताना दागिन्यांवर शुल्कात मिळणारी सवलत एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्यांसाठी आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याला ती लागू नाही. खजूर घ्यावेत. संध्याकाळचे विमान मध्यरात्री मुंबईत उतरते आणि गाडी पहाटे चिखलीत पोचते. सकाळी सातची पाळी बदलून शनिवारी दुसरी घेतली, तर चार तास झोप मिळते.