खावटी आणि हक्क
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गरिबाला न्याय म्हणजे त्याला पोटभर मिळणे, की पिकवण्या-वाटण्याच्या कारभारात त्याचे मत चालणे? यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. अमेरिकेतल्या जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडले की, विषमता राहिलीच तर ती तळातल्या माणसाच्या फायद्याची असावी. पुढे २००१ च्या पुस्तकात त्यांनीच म्हटले की, मालकी थोड्यांच्या हाती ठेवून बाकीच्यांना मदत वाटत राहणे म्हणजे न्याय नव्हे. आपल्या किनाऱ्यावरच्या कुळांना हे त्याआधीच कळले होते, असे आम्हाला वाटते.

खोती म्हणजे नुसती उपासमार नव्हती. पावसाळ्यात घरातले भात संपले की खोत खावटी द्यायचा. चूल पेटायची, पेज शिजायची. पण खंड किती, माप कुठले, वेठ किती दिवस, हे ठरवणार तोच. आणि वहीसुद्धा त्याच्याच घरात! अलिबागजवळच्या चरीत २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली २५ गावांच्या कुळांनी जमीन न कसण्याचे ठरवले. १९३९ पर्यंत संप चालला. शेते पडीक राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. भुकेला माणूस फक्त भाकरीच मागतो, असे म्हणणाऱ्यांनी एकदा चरीला जाऊन यावे. तिथल्या माणसांनी हाती येणारी खावटी सोडली, ती मापावर आपला शब्द चालावा म्हणून.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर गेले. ते विधेयक काही मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

पण इथे थोडे थांबले पाहिजे. कूळकायद्याने जमीन मिळाली ती कुळाला. ज्याचे नाव कूळ म्हणूनही नव्हते, जो दुसऱ्याच्या बांधावर मजुरीने राबत होता, त्याला काय? आपल्यातली बरीच घरे त्यातलीच. बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की, कूळकायदे भूमिहीन अस्पृश्यांच्या उपयोगाचे नाहीत. शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, गावकऱ्यांनी ती सामुदायिक कसावी आणि हे घटनेतच लिहावे, म्हणजे उद्याचे बहुमत ते पुसणार नाही, अशी त्यांची मागणी होती. आता सरकारच मोठा खोत झाला तर? ही शंका आम्हालाही येते. तिचे पुरते उत्तर आमच्याजवळ नाही. पण मालकी सरकारची असो वा सावकाराची, हिशोब विचारणारा कोणीतरी लागतोच, एवढे कळते.

हे सगळे आम्ही वाडीत बोलत होतो, तेव्हा एक म्हातारी आई म्हणाली, “बाबांनो, तुमचं खरं हाय. पर रेशन बंद झालं तर तुमचं भाषण शिजवू का?” आम्ही गप्प झालो. तिचे बरोबरच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, ही लहान गोष्ट नाही. त्याला खावटी म्हणून नाक मुरडणे आपल्याला शोभत नाही.

मात्र त्याच कायद्यात प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे. तिच्यावर अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि निराधार यांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे, असेही लिहिले आहे. म्हणजे धान्य आणि मापावरची नजर, दोन्ही एकाच कायद्यात आहेत. आम्ही वाडीत विचारले, या समितीवर आपले कोण आहे? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, “माझं नाव हाय वाटतं. सही घेतलेली. मीटिंगला कधी बोलावलं नाय.”

येत्या रविवारी त्या ताईंबरोबर आम्ही चौघे-पाच जण दुकानात जाऊन साठ्याचे रजिस्टर पाहायला मागणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी नऊला विहारात जमावे.